अडीच हाका

शालडांग्यात कुणी कुणाला एका हाकेत ओ देत नसे. दारात उभं राहून पहिली हाक मारायची, श्वास घ्यायचा, दुसरी मारायची, पुन्हा श्वास घ्यायचा आणि मग तिसरी. तिसरी पुरी झाली की आतून अडसर निघे. दिवसाढवळ्या लोक हा नेम थोडा सैल सोडत. दिवेलागणीनंतर कधीच नाही. कारण निशीला, रात्री फिरणाऱ्या त्या भुतणीला, दोनच हाका येतात. ती ओळखीच्या आवाजात येते. आईच्या, परगावी गेलेल्या नवऱ्याच्या, मागच्या साली जाळलेल्या भावाच्या. नाव घेऊन बोलावते. ओ दिली की माणूस झोपेत चालल्यासारखा तिच्यामागून जातो आणि सकाळी एखाद्या तळ्यात नाहीतर बांबूच्या बेटात सापडतो, सापडलाच तर. तिसऱ्या हाकेचं बळ मेलेल्याच्या गळ्यात नसतं.

तापाच्या साथीच्या वर्षांत या नेमाला आणखी धार आली. बंगालातल्या बर्धमान जिल्ह्यातली निम्मी घरं तेव्हा ओस पडली होती. मांत्रिक शेंडा कापलेलं हिरवं शहाळं हातात घेऊन रात्री गल्लीतून फिरतात, ज्याचं नाव घेतील त्यानं ओ दिली की शहाळ्यावर झाकण बसतं, आणि त्याचा जीव एखाद्या आजारी श्रीमंताला पाजला जातो, असं घरोघर सांगत. म्हणून कुणा मोठ्या घरचा मुलगा तापानं पडला की गरिबांची दारं लवकर लागत.

थाकोमणीला हे सगळं आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. तिच्या आधीची आईची सगळी लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून हिचं नाव थाको. थाको म्हणजे राहा. जाऊ नकोस, राहा. ती राहिली. वयात आली, लग्न होऊन शालडांग्यात पालांच्या घरी आली, आणि मुलगी झाली तेव्हा सासूनं नातीचं नाव ठेवलं आन्नाकाली. म्हणजे आता नको, कालीमाते. सासूचं गाऱ्हाणं देवीनं जरा जास्तच मनावर घेतलं. पुढं मूल झालं नाही, आणि ते देणाराही राहिला नाही.

थाकोचा नवरा साथीतच गेला. अंगात ताप फणफणत असताना एका रात्री तो अंथरुणातून उठला, अगदी शुद्धीतल्या माणसासारखा "आलो" म्हणाला आणि दार उघडून चालता झाला. सकाळी भाताच्या खाचरात पालथा मिळाला. वैद्य म्हणाला, ताप डोक्यात चढला. सासू म्हणाली, "ओ दिलीन त्यानं. माझ्या कानांनी ऐकली." ओ थाकोनंही ऐकली होती. हाक मात्र तिला ऐकू आली नव्हती. ज्याची हाक त्यालाच ऐकू येते, हे तिला तेव्हा कळलं, आणि त्या दिवसापासून ती स्वतःच्या नावाला घाबरून राहू लागली.

पोटासाठी ती कोनारांच्या वाड्यावर भात सडायला जाई. त्यांच्या परसात मोठी ढेंकी होती. एकीनं लाकडाच्या शेपटीवर पाय देऊन ती तुडवायची, दुसरीनं समोर बसून, दांडा वर गेला की उखळातलं भात हातानं परतायचं आणि हात काढून घ्यायचा. तुडवणारीचा ठेका चुकला तर परतणारीची बोटं जायची. म्हणून ढेंकीवर बसणाऱ्या बायका एकमेकींच्या श्वासावर कान ठेवून असत.

कोनारांची सून क्षीरोदा दुपारी सासू झोपली की थाकोसमोर भात परतायला येऊन बसे. कामाची गरज नव्हती. बोलायला कुणी हवं होतं. ती कालन्याची, गंगाकाठची, घाटावरच्या गजबजाटात वाढलेली. तिला शालडांग्याचं भारी हसू यायचं.

"पिशी, तुमच्या गावात आग लागली तरी तीनदा ओरडावं लागत असेल, नाही?"

पिशी म्हणजे आत्या. गावातल्या कुठल्याच सुनेनं थाकोशी असं नातं लावलं नव्हतं. हिनं पहिल्याच आठवड्यात लावून टाकलं.

"लागतं की," थाको पाय न थांबवता म्हणाली. "आणि तिसऱ्यांदा ओरडलं की लोक विचारतात, आग कुणाच्या घराला?"

क्षीरोदा इतकी हसली की तिला हात काढायचं भान राहिलं नाही. थाकोनं दांडा हवेतच पायानं तोलून धरला.

"बोटं सांभाळ, बाई. तुझ्या सासूला भातात बोटं चालायची नाहीत."

"चालतील. सासूला सगळं चालतं. मी तेवढी चालत नाही."

थाकोच्या घरी काही मागायला आली की ती कुंपणाशी उभी राहून एका दमात ओरडे, "थाकोपिशीथाकोपिशीथाकोपिशी! झाल्या तीन. उघडा."

"अशा नाही मोजत," थाको आतून रागावे. "मध्ये श्वास घ्यायचा असतो. मेलेल्याला श्वास नसतो, म्हणून तर हा नेम."

"बरं बाई. घेते श्वास. बघा, घेतला. अजून जिवंत आहे."

तिच्या नवऱ्याचं नाव त्रैलोक्य. देखणा होता, कीर्तनात खड्या आवाजात गायचा, आणि एरवी त्याचा आवाज कधी चढत नसे. नोकराला रागवायचं तरी तो जवळ जाऊन हळूच बोलायचा. नोकर पांढरे पडत. क्षीरोदाच्या हातातल्या शंखाच्या बांगड्या मनगटावर न राहता कधीकधी वर, दंडाकडे चढवलेल्या असत. त्यांच्याखाली काय आहे ते थाकोला दिसायचं. तिनं कधी विचारलं नाही. एकदा क्षीरोदाच भात परतता परतता म्हणाली, "भाद्रपदात बाबा न्यायला येणार आहेत, पिशी. गेले की मी परत यायची नाही. त्यांना सांगितलंय मी काल."

"कुणाला?"

"ह्यांना."

थाकोच्या पायाचा ठेका चुकला. बोटं वाचली.

"सांगायचं कशाला, पोरी? गपचूप जायचंस."

"चोर आहे का मी?" क्षीरोदा म्हणाली.

श्रावणातली ती संध्याकाळ पावसाची होती. आन्नाकाली जेवून झोपली होती. एकादशी असल्यानं थाकोनं काही खाल्लं नव्हतं. ती दिव्याशी बसून फाटकी गोधडी शिवत होती. केळीच्या पानांवर पाऊस एकसारखा वाजत होता. त्यातून हाक आली.

"थाकोपिशी!"

कुंपणापलीकडून, कोनारांच्या तळ्याच्या बाजूनं. थाकोच्या हातातली सुई थांबली. आवाज क्षीरोदाचा होता. म्हणजे क्षीरोदाचा असल्यासारखा होता. ओळखीचा आवाज ही तर निशीची पहिली खूण. थाको श्वास रोखून बसली.

"थाकोपिशी!"

आता जवळून. आवाजात रडं होतं, चिखलात धावताना लागलेली धाप होती. थाको उठून दारापाशी गेली. हात अडसरावर ठेवला. लाकूड ओलं आणि गार लागलं. पाठीमागे आन्ना झोपेत कुशीवर वळली. थाको मनात म्हणाली, आता तिसरी मार. पोरी, श्वास घे आणि तिसरी मार.

"थाको..."

आणि नुसता पाऊस.

ती अडसरावर हात ठेवून उभी राहिली. तिसरी हाक पुरी होण्याची वाट बघत राहिली. पाण्यात काहीतरी जड पडल्यासारखं वाजलं, पण पावसात काय काय वाजतं. दिवा तेल संपून विझला, तरी ती तिथंच होती.

सकाळी कोनारांच्या तळ्यावर गलका झाला. थाको पोचेपर्यंत क्षीरोदाला पायरीवर घेतलं होतं. सासू, जिला सगळं गाव कोनारगिन्नी, म्हणजे कोनारांची मालकीण, म्हणे, मांडीवर सुनेचं डोकं घेऊन आक्रोश करत होती, आणि आक्रोश करता करता तिच्या गळ्याभोवती लाल पदराचे वेढे नीट बसवत होती. भांगात शेंदूर भरून झाला होता. पायाला लाल अळिता लावून झाला होता. बायका म्हणत होत्या, भाग्याची, सवाष्ण गेली. पुरुष म्हणत होते, निशीनं नेली.

दारोगा दुपारी आला. देवीच्या मांडवात बसून नारळाचे लाडू खाता खाता त्यानं चौकशी केली. तळ्याला सगळ्यांत जवळचं घर थाकोचं, म्हणून तिला बोलावलं. मांडवात तिचे मोठे दीर रामतारण बसले होते. त्यांच्यापुढे तोंड उघडायची रीत नव्हती, म्हणून ती खांबाआड पदर ओढून उभी राहिली आणि शेजारणीच्या कानात बोलली.

"काही ऐकलंस रात्री?"

"हाक ऐकली म्हणते," शेजारीण म्हणाली.

"किती?"

त्रैलोक्य गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. त्यानं डोकं वर केलं आणि खांबाकडे पाहिलं. पाहणं शांत होतं. एखादा माणूस बाजारात वजन होताना तराजूकडे बघतो तसं. थाको खांबाआड आणखी सरकली. तीन झाल्या नव्हत्या, हे तर खरंच होतं.

"दोन," ती शेजारणीच्या कानात म्हणाली आणि शेजारणीनं ते मोठ्यानं सांगितलं.

सगळ्या मांडवानं सुस्कारा सोडला. दारोगानं हात झटकले. "बरं आहे तुमचं गाव. गुन्हेगार कमी आणि भुतं फार. भुताला बेड्या घालायचा हुकूम अजून निघाला नाही." लोक हसले, जरा जास्तच हसले. उन्हं उतरायच्या आत क्षीरोदाची राख झाली होती.

त्यानंतर गाव घाबरलं. तळ्यावर पोरांना जाऊ देईनात. कोळ्यांनी तिथं जाळं टाकणं सोडलं. एकीला बांबूच्या बेटात ओल्या केसांची बाई दिसली, दुसरीला पाण्यात बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. कोनारगिन्नीनं मांत्रिक आणून बांबूंना खिळे ठोकवले. गावाला मेलेल्या क्षीरोदाची भीती वाटत होती. थाकोला जिवंत क्षीरोदाची वाटत होती. त्या संध्याकाळी कुंपणाशी उभ्या असलेल्या, अजून श्वास घेत असलेल्या क्षीरोदाची. निशीला तिसरी हाक नसते. मग ती अर्धी कुणाची होती? हा प्रश्न ढेंकीच्या दर ठेक्याबरोबर तिच्या पायात वाजे. वर जाताना थाको, खाली येताना काहीच नाही.

आश्विन सरता सरता एका दुपारी तिच्या दारात तीन हाका आल्या, मध्ये सावकाश श्वास घेऊन. कोनारगिन्नी स्वतः आली होती. मागे मोलकरणीच्या डोक्यावर टोपलीत मोठा रोहू मासा होता. विधवेच्या घरी मासा कशाला, ते थाकोला कळेना.

"तुझ्या मुलीसाठी गं," गिन्नी चटईवर बसत म्हणाली. "सवय व्हायला नको का? आमच्याकडे रोज असतो."

थाको उभीच राहिली.

"असं काय बघतेस? त्रैलोक्यासाठी मागणं घेऊन आलेय. सुतक फिटलं. पुरुषमाणूस किती दिवस रिकाम्या घरात राहील?"

"मुलगी काळी आहे, गिन्नीमा."

"काळी गाय काय काळं दूध देते? तुझ्या दिरांशी बोलणं झालंय. ते हो म्हणाले. तू तेवढी आशीर्वादाच्या दिवशी अंगण सारवून ठेव." ती उठली. दाराशी थांबून तिनं थाकोच्या पाठीवर हात ठेवला. "आणि त्या रात्रीच्या हाका. दोनच होत्या ना गं?"

"दोनच."

"मग झालं. आता घरची होशील. घरच्या माणसानं काय ऐकलं ते घरातच राहतं."

संध्याकाळी आन्नाकाली माशाभोवती फिरत होती. "आई, तिकडे खरंच रोज असतो?"

"असतो."

"आणि ढेंकी? ती मी नाही ना चालवायची? बाया असतील?"

"असतील."

"मग तू कशाला रडतेस? तू ये की माझ्याकडे राहायला."

थाकोनं जावेकरवी दिरांना विनवून पाहिलं. आतून निरोप आला: विधवेच्या पोरीला असं स्थळ चालून आलंय आणि ती नको म्हणते? कारण सांगावं. कारण सांगितलं तर दारोगापुढे खोटं बोलले हे सांगावं लागणार होतं. आणि ते ऐकायला त्रैलोक्य गावातच होता, मऊ आवाजाचा, रोज तिच्या कुंपणावरून तळ्याकडे जाणारा.

आशीर्वादाचा, म्हणजे सोयरीक पक्की व्हायचा, दिवस उजाडला. अंगणात तांदळाच्या पिठाची वेलबुट्टी काढली होती. आन्नाकाली उसन्या साडीत पाटावर मान खाली घालून बसली होती. नवरदेवानं त्या दिवशी यायची रीत नसते, तरी तो आला होता. कुंपणाशी, जिथून त्या रात्री हाक आली होती साधारण तिथंच उभा होता. ठाकूरमशाय, गावचे पुरोहित, यांनी ताटातून भाताचे दाणे आणि दूर्वा उचलल्या. बायकांनी जीभ हलवून मंगल आवाज काढायला तोंडं उघडली. आन्नाच्या डोक्यावर एकदा त्या दूर्वा पडल्या की शब्द पक्का झाला. मग चितेशिवाय काही तो मोडत नाही.

"थांबा, ठाकूरमशाय," थाको दाराआडून म्हणाली.

आवाज तिलाच अनोळखी वाटला. ती उंबऱ्याबाहेर आली. मोठ्या दिरांसमोर, पदर घसरलेला, सावरायचंही सुचलं नाही.

"हाका अडीच होत्या."

कुणाला आधी कळलंच नाही. मग कळत गेलं तशी एकेक मान वळली.

"थाको, आत जा!" रामतारण ओरडले.

"दोन पुऱ्या आणि तिसरी अर्धी. तिसरीत 'थाको' एवढं आलं आणि कुणीतरी तोडली. दारोगाला मी दोन सांगितल्या. अर्धी सांगितली नाही."

कुंपणाशी त्रैलोक्य हलला नाही. गिन्नी मात्र हसत उठली, लहान मुलाची समजूत घालावी तशी. "अगं वेडे, एवढंच ना? मग नीट ऐक की. थाको म्हणजे काय? राहा. माझी सून गुणाची. मरतानाही तुझी काळजी केली तिनं. निशी तुझ्या दाराशी होती, म्हणून ओरडून गेली बिचारी, राहा, आतच राहा. ऐकलंत का हो सगळ्यांनी? तिनं हिचा जीव वाचवला, आणि ही कुणावर आळ घेते बघा."

अंगणात पाऊस थांबल्यासारखं झालं. लोक माना डोलवू लागले. एका म्हातारीनं हात जोडले. थाकोला वाटलं, असंच असेल का? असतं तर किती बरं झालं असतं. आन्नासुद्धा डोळे वर करून आईकडे बघत होती, आता बस बाई खाली, अशा नजरेनं. आणि थाको बसलीही असती. पण तिच्या कानात तो आवाज होता, धाप लागलेला.

"गिन्नीमा," ती सावकाश म्हणाली, "तुमची सून मला आत्या म्हणायची. वडीलधाऱ्या बाईला ती नुसत्या नावानं हाक मारील? थांब, बस, राहा, असा हुकूम सोडील? चेष्टेतसुद्धा कधी पिशीवाचून नाव घेतलं नाही तिनं. ते पिशी तिच्या तोंडातच राहिलं. आणि ठाकूरमशाय, तुम्हीच सांगा. निशीला तिसरी हाक असते?"

म्हाताऱ्या पुरोहितानं हातातल्या दूर्वांकडे पाहिलं. गावातल्या प्रत्येकाला त्यांनीच हे लहानपणी शिकवलं होतं. "नसते," ते म्हणाले.

"अर्धी?"

"अर्धीही नसते. तिसऱ्या हाकेचं पहिलं अक्षरसुद्धा मेलेल्याला येत नाही."

त्यांनी दूर्वा ताटात परत ठेवल्या. तेवढ्यात हात जोडलेली ती म्हातारी, तिला दुष्टपणा करायचा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणाली, "मग तू दार का नाही गं उघडलंस?"

"पुरी झाली नव्हती म्हणून," थाको म्हणाली.

कुणी तिच्याकडे बघेना. त्या अंगणात असा एकही जण नव्हता ज्यानं उघडलं असतं.

लग्न मोडलं. चौकीदारानं बातमी ठाण्यात नेली, तिथून ती कालन्याच्या कोर्टात गेली, आणि थाकोलाही बैलगाडीतून नेऊन उभं केलं. कारकुनानं विचारलं, दोन लिहू की तीन? ती म्हणाली, अडीच. वकील हसून म्हणाला, अर्धी हाक म्हणजे किती, आठ आणे? तीन ऐकल्या असतील तर दार का उघडलं नाही, आणि दोनच ऐकल्या असतील तर खून कसला, असा त्याचा पेच होता. प्रेत जळून गेलेलं. क्षीरोदाचे वडील कोर्टाच्या पायरीवर बसून होते; त्यांनी थाकोकडे एकदाच पाहिलं. त्या पाहण्यासमोर वकिलाचं हसू काहीच नव्हतं.

त्रैलोक्य सुटला. गावात परतला तेव्हा तिच्या कुंपणाशी गाडी थांबवून हळूच म्हणाला, "पिशी, बऱ्या आहात ना?" आणि गेला.

आन्नाकालीला तिनं गंगेपलीकडे दिलं, खजुराचा गूळ करणाऱ्या एका साध्या घरात. तिथं मासा रोज नसतो, पण सांगावा येतो तो बरा येतो. आन्नानं आईवरचा राग पहिलं मूल होईपर्यंत धरला, मग सोडला. कोनारांची ढेंकी तर सुटलीच होती. थाको तापल्या वाळूत चुरमुरे भाजून बाजारात विकू लागली. लोक घेत, पण तिच्या दारात सहसा येत नसत. हाकांचं घर म्हणत तिच्या घराला.

मग त्रैलोक्यानं लग्न केलं. मुलगी लांबून, बांकुड्याकडून आणली, जिथं हे कुणाच्या कानावर गेलं नव्हतं. पालखी थाकोच्या कुंपणावरून गेली. पडद्यातून एक हात दिसला, नव्या शंखाच्या बांगड्या मनगटावर खुळखुळत होत्या. तिचं नाव बिंदू, एवढं मोलकरणीकडून कळलं. तिला एकटीला बाहेर सोडत नाहीत, हेही कळलं. थाको त्या दिवसापासून पुन्हा झोपेनाशी झाली. काय करावं? जाऊन सांगावं? कुणाला सांगावं? ती वाड्याच्या परसदारावरून जाई आणि ढेंकीचा आवाज ऐकून परत येई.

चैत्रातल्या एका दुपारची गोष्ट. ऊन असं की कुत्रीही सावलीतून हलत नव्हती. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. थाको चुलीशी बसून वाळू तापवत होती.

"थाकोपिशी!"

कुंपणाशी. तोच शब्द, तशीच धाप. थाकोच्या हातातला झारा निसटला. भर दुपारीही भुतांची वेळ असते, हे तिला माहीत होतं. ज्याची हाक त्यालाच ऐकू येते, हेही माहीत होतं. आता दुसरी येईल. मग तिसरीची वाट बघायची. आणि ती अर्ध्यात तुटली तर?

"आले," थाको म्हणाली.

अगदी नवरा म्हणाला होता तसं. स्वतःच्या तोंडून तिनं ते ऐकलं. पण पाय चालत राहिले. तिनं अडसर काढला.

दारात ओली साडी अंगाला चिकटलेली एक मुलगी उभी होती. केसांतून तळ्याचं पाणी ठिबकत होतं. थाकोनं आधी तिच्याशी काहीच न बोलता मनगट धरलं. बांगड्यांच्या वर, जिथं चार बोटं उमटली होती, तिथं. हात गरम होता. आत नाडी उडत होती. भूत नव्हतं, बिंदू होती.

"मोलकरीण म्हणायची, काही झालं तर..." मुलगी बोलू लागली.

"आत ये. बोलू नकोस."

तिनं अडसर घातला, पाटा ओढून दाराला लावला. मुलगी चुलीमागे अंग चोरून बसली. थोड्या वेळानं वाळलेली पानं वाजली. कुणीतरी सावकाश चालत येत होतं.

"थाकोपिशी." आवाज मऊ होता, चढलेला नव्हता.

मग श्वास. तो घेतलेला ऐकू आला.

"थाकोपिशी."

मुलीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"थाकोपिशी." तिसरी हाक पुरी झाली, शेवटच्या अक्षरापर्यंत. "तीन झाल्या, पिशी. मी माणूस आहे. उघडा."

"ते मला कळलंय," थाको म्हणाली. "म्हणूनच उघडत नाही."

बाहेर तो हसला की नुसती पानं वाजली, समजलं नाही. दारावर पहिला धक्का बसला. थाकोनं कोपऱ्यातली विळी ओढून घेतली आणि दाराला पाठ लावून बसली. मुलीला म्हणाली, "ओरड आता. जितक्या जोरात ओरडता येईल तितकं. गावाचं नाव घे, ठाकूरमशायांचं घे, कुणाचंही घे. आणि बाई, तीनवर थांबू नकोस."

मुलीनं श्वास घेतला. दुपार अजून बरीच उरली होती.